तेरड्याच्या पाकळीपासून स्टॅम्पिंग पॉलिशपर्यंत : नखांच्या रंगाचा इतिहास

नखांवर नक्षी काढून घ्यायची तर पूर्वी पार्लर गाठावे लागे. आता ऑनलाइन मागवलेल्या एका खोक्यात सगळे घरी येते. ठिपके काढायची गोल टोकाची काडी, बारीक ब्रश, नक्षी कोरलेली स्टीलची प्लेट, मऊ स्टॅम्पर, स्क्रेपर, दाट स्टॅम्पिंग पॉलिश आणि बऱ्याचदा निळसर-जांभळा प्रकाश देणारा छोटा दिवासुद्धा. सुट्टीत शाळकरी मुली, कॉलेजच्या तरुणी आणि त्यांच्या आयाही हौसेने हे करून पाहतात. मग आम्हा डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारला जातो, "हे घरी केलेले चालते का?"

उत्तर आहे : आपण त्या खोक्यातल्या कोणत्या बाटलीबद्दल विचारता, त्यावर ते अवलंबून आहे. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या बाटल्यांमध्ये दोन अगदी वेगळ्या जातीचे पदार्थ असतात. एक हवेवर वाळतो, दुसरा दिव्याखाली घट्ट होतो. पहिल्याचे घराणे स्फोटक कापसाचे आहे, तर दुसऱ्याचे दातांच्या दवाखान्यातले. हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण या दोन घराण्यांचा इतिहास समजला की धोका नेमका कुठे आहे, हे लक्षात ठेवणे सोपे जाते. म्हणून आज थोडा इतिहास पाहू.

पानाफुलांचा रंग

नखे रंगवण्याची हौस फार जुनी आहे. आपल्याकडे मेंदी घरोघरी माहीत आहे. मेंदीच्या पानातले लॉसोन नावाचे द्रव्य त्वचेतल्या आणि नखातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटते आणि तांबूस रंग चढतो.

कोरिया आणि चीनमध्ये हेच काम तेरड्याने केले. गौरीच्या सणाला आपण जो तेरडा आणतो, त्याच्याच पाकळ्या तुरटीबरोबर वाटून तो लगदा नखांवर ठेवायचा आणि रात्रभर बांधून ठेवायचा. सकाळी नखे केशरी-लाल होतात. तेरड्यातही लॉसोन असते. नखावरचा हा रंग पहिला बर्फ पडेपर्यंत टिकला तर पहिले प्रेम सफल होते, अशी कोरियात समजूत आहे. आपण मात्र "तेरड्याचा रंग तीन दिवस" म्हणतो!

डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर नखापुरती कोरियन बाजू बरोबर आहे. त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो, त्यामुळे हातावरची मेंदी एक-दोन आठवड्यांत फिकी पडते. नखाचा रंग मात्र नख वाढून कापले जाईपर्यंत राहतो. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत ते पूर्ण नवे यायला सुमारे सहा महिने लागतात, तर पायाच्या अंगठ्याचे नख वर्ष-दीड वर्ष घेते. हा वाढीचा वेग लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

१८४६ : एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

१८४६ मध्ये पॅरिसमधील डॉक्टर जोसेफ बो यांनी नखांवरच्या आडव्या खाचांवर एक लेख लिहिला. मोठे आजारपण आले की नखाची वाढ काही काळ मंदावते आणि तिथे आडवी खाच पडते. ही खाच नखाबरोबर पुढे सरकत जाते. ती मुळापासून ६ मिलिमीटरवर दिसली, तर सुमारे दोन महिन्यांपूर्वी शरीराला मोठा ताण पडला होता असे अनुमान काढता येते. या खाचांना आजही "बो यांच्या रेषा" म्हणतात. थोडक्यात, नख ही आजारपणाची रोजनिशी आहे.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टियान शोनबाइन यांनी गनकॉटन जगापुढे आणले. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की तो दिसायला कापूसच राहतो, पण ठिणगी लागताच भडकतो. हेच नायट्रोसेल्युलोज. ते इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवले की घट्टसर पारदर्शक द्रव मिळतो. हा द्रव वाळला की पातळ, चिवट पापुद्रा उरतो. या द्रवाला कोलोडियन म्हणतात.

कोलोडियन आधी आमच्याच व्यवसायात आले. दोन वर्षांच्या आत डॉक्टर ते जखमेवर पापुद्रा धरण्यासाठी वापरू लागले. पायाच्या कुरुपावर किंवा चामखिळीवर लावायचे, वाळून पांढरा पापुद्रा होणारे औषध आपल्यापैकी अनेकांनी वापरले असेल. त्यातला पापुद्रा बहुधा कोलोडियनचाच असतो. पुढे नायट्रोसेल्युलोजपासून सिनेमाची फीत झाली. दादासाहेब फाळके यांच्या काळातले मूकपट असल्याच फितीवर असत. ती फीत चटकन पेट घेई आणि काळाने विरघळूनही जाई. अनेक जुने चित्रपट त्यामुळे कायमचे गेले.

१९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारींना नायट्रोसेल्युलोजचे झटपट वाळणारे रंग देऊ लागले. नखांना लावायचा रंग हा त्याच घराण्यातला. १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रेव्हलॉन कंपनी सुरू झाली ती फक्त नेलपॉलिश घेऊन. तोपर्यंतची पॉलिशे बहुतेक पातळ आणि अर्धपारदर्शक असत. या कंपनीने रंगद्रव्य घालून नख पूर्ण झाकणारे पॉलिश विकले. आपल्याकडे १९५२ मध्ये टाटा समूहाने लॅक्मे सुरू केली आणि हळूहळू नेलपॉलिशची बाटली मध्यमवर्गीय घरातल्या आरशापुढे आली.

गंमत पाहा. ज्या वर्षी नख "वाचण्याची" एक नवी रीत डॉक्टरांना मिळाली, त्याच वर्षी नख झाकणाऱ्या रंगाचा पायाही घातला गेला.

बोटांवर काही नाही, पुरळ मात्र पापणीवर

नेहमीचे नेलपॉलिश वाळते तेव्हा कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही. इथाइल आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेटसारखी द्रावके उडून जातात आणि नायट्रोसेल्युलोज व रंगद्रव्य मागे उरते. म्हणून ते रिमूव्हरने पुन्हा विरघळते आणि पुसले जाते.

नायट्रोसेल्युलोजचा नुसता पापुद्रा ठिसूळ असतो. तो नखाला नीट धरून राहावा म्हणून त्यात राळेसारखे पदार्थ घालतात. त्यातील फॉर्मल्डिहाइडपासून केलेल्या एका रेझिनमुळे अनेकींना अ‍ॅलर्जी होते, हे १९४०च्या दशकातच त्वचारोगतज्ज्ञांच्या लक्षात आले. ही अ‍ॅलर्जी ओळखणे अवघड, कारण बोटे बहुधा स्वच्छ असतात. पुरळ उठते पापण्यांवर, मानेवर, हनुवटीखाली. कारण साधे आहे. ओलसर पॉलिशची बोटे आपण नकळत डोळ्यांना आणि गळ्याला लावतो आणि पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असते. पापणीला खाज आली की काजळावर संशय घेतला जातो आणि नेलपॉलिश मात्र सुटते.

अनेक कंपन्यांनी पुढे हे रेझिन, टोल्यूइन आणि डायब्युटाइल थॅलेट हे पदार्थ वगळले. यातील शेवटच्यावर युरोपीय महासंघाने २००४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली. तरीही, अ‍ॅलर्जी नसलेल्या व्यक्तीसाठी हवेवर वाळणारे पॉलिश हा तुलनेने सौम्य प्रकार आहे.

दातांच्या दवाखान्यातून आलेले नख

दुसरे घराणे अ‍ॅक्रिलेटचे. १९३०च्या दशकात कवळ्या बनवण्यासाठी अ‍ॅक्रिलिक वापरात आले. १९५०च्या दशकात अमेरिकेतील फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याचे नख काम करताना तुटले, तेव्हा त्यांनी दातांचेच अ‍ॅक्रिलिक वापरून स्वतःला कृत्रिम नख बसवले, असे सांगतात. त्यातून अ‍ॅक्रिलिक नखांचा व्यवसाय उभा राहिला.

इथे रसायनशास्त्र वेगळे आहे. बाटलीतल्या द्रवात सुटे, छोटे रेणू असतात. त्यांना मोनोमर म्हणतात. क्रिया सुरू झाली की ते एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या होतात आणि पदार्थ कडक बनतो. एम-सीलचे दोन गोळे एकत्र मळले की थोड्या वेळाने दगडासारखे होतात, साधारण तसेच. पूर्ण घट्ट झालेला पदार्थ फारसा त्रास देत नाही. त्रास देतात ते सुटे राहिलेले रेणू. ते त्वचेत शिरतात आणि आपली प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू म्हणून लक्षात ठेवते.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारी येऊ लागल्या. मिथाइल मेथॅक्रिलेट असलेल्या कृत्रिम नखांमुळे नखे विद्रूप झाली होती, बोटांना इसब झाले होते. १९७४ मध्ये न्यायालयाने एका उत्पादकाला मनाई केली आणि बाजारातला मालही परत घेतला गेला. उत्पादक मग त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या रसायनांकडे वळले.

दिवा घरी आला

२०१०च्या सुमारास जेल पॉलिश जगभर लोकप्रिय झाले. ब्रशने लावायचे आणि यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली हात धरायचा. प्रकाशाने साखळ्या जुळतात आणि दोन-तीन आठवडे टिकणारी चकाकी मिळते. या जेलमध्ये हेमा नावाचे मेथॅक्रिलेट बऱ्याचदा असते.

लवकरच त्वचारोगतज्ज्ञांकडे बोटांची टोके फाटलेले, खाजणारे, नखे उचललेले रुग्ण येऊ लागले. आधी पार्लरमध्ये काम करणाऱ्या स्त्रिया, मग ग्राहक, मग घरी किट वापरणाऱ्या. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साठी अ‍ॅक्रिलेटची "वर्षाचे अ‍ॅलर्जन" म्हणून निवड केली. २०१८ मध्ये ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले की ब्रिटन व आयर्लंडमध्ये पॅच टेस्ट केलेल्या रुग्णांपैकी २.४ टक्के जणांना या कुटुंबातल्या किमान एका रसायनाची अ‍ॅलर्जी आढळली. घरगुती किटबद्दल त्यांनी विशेष इशारा दिला. २०२० मध्ये युरोपीय महासंघाने नियम केला की नखांच्या उत्पादनांत हेमा असेल तर ते केवळ व्यावसायिकांनीच वापरावे आणि डब्यावर अ‍ॅलर्जीची सूचना असावी.

घरीच धोका जास्त का? तीन कारणे आहेत. सराव नसल्याने जेल नखाबाहेर त्वचेवर जाते. दिवा एका कंपनीचा आणि जेल दुसरीचे असले तर प्रकाश जुळत नाही आणि आत सुटे रेणू उरतात. वरून हाताला घट्ट लागले तरी आतून कच्चे असू शकते. आणि जाड थर दिला की हीच अडचण वाढते.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. याच कुटुंबातली रसायने दातांच्या सिमेंटमध्ये असतात, गुडघा किंवा खुबा बदलताना वापरल्या जाणाऱ्या हाडांच्या सिमेंटमध्ये असतात आणि मधुमेहींनी दंडावर लावायच्या ग्लुकोज सेन्सरच्या चिकटपट्टीतही असू शकतात. पंधराव्या वर्षी हौसेने केलेल्या नखांची आठवण साठाव्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी सर्जनना सांगावी लागू शकते. याचा अर्थ उपचार मिळणार नाहीत असा नाही. पण डॉक्टरांना ते आधी माहीत असायला हवे.

मग स्टॅम्पिंगचे काय?

स्टॅम्पिंगचे तंत्र नखांसाठी जन्मलेले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या स्टॅफर्डशर भागात कोरलेल्या ताम्रपटावरची नक्षी सरसाच्या लवचीक पापुद्र्यावर उचलून चिनी मातीच्या कपबशांवर उमटवत असत. घड्याळाच्या तबकडीवरचे बारीक आकडेही अशाच मऊ गादीने छापले जात. १९६०च्या दशकात जर्मनीत या कामासाठी सिलिकोनची गादी आली आणि पेनांपासून खेळण्यांपर्यंत कुठल्याही वक्र वस्तूवर छपाई सोपी झाली. या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण कोरियात तेच तंत्र नखांसाठी घरगुती किटमध्ये आले. तेरड्याने नखे रंगवणाऱ्या देशातूनच ते जगभर गेले.

कृती तीच राहिली आहे. प्लेटच्या कोरीव रेषांत पॉलिश भरायचे, स्क्रेपरने जास्तीचे खरवडायचे, स्टॅम्परने नक्षी उचलायची आणि नखावर दाबायची. छपाईच्या धंद्यात त्या खरवडणाऱ्या पात्याला "डॉक्टर ब्लेड" म्हणतात, हे वाचून माझ्या व्यवसायबंधूंना गंमत वाटेल. स्टॅम्पिंग पॉलिश दाट असते, कारण रेष इतकी पातळ असते की साधा रंग दिसणारच नाही. ते काही सेकंदांत वाळते, म्हणून रेंगाळलात तर नक्षी प्लेटमध्येच अडकते.

बहुतेक स्टॅम्पिंग पॉलिशे हवेवर वाळणारी, म्हणजे पहिल्या घराण्यातली असतात. त्यामुळे घरी करून पाहण्यासाठी हा प्रकार बराच सुरक्षित आहे. पण "स्टॅम्पिंग जेल" नावाने दुसऱ्या घराण्यातला मालही मिळतो. बाटलीवर यूव्ही, एलईडी किंवा "क्युअर" असा शब्द असेल, तर ती दिव्याची बाटली समजावी.

घरी करताना एवढे पाळा

• लेबल वाचा. उत्पादकाचे नाव, घटकांची यादी, बॅच नंबर आणि मुदत नसलेली बाटली घेऊ नका. आपल्या देशात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधने औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. आयात मालाला नोंदणी लागते.

• दिव्याचे जेल घरी, विशेषतः लहान मुलींना, लावू नका. लावायचेच असेल तर प्रशिक्षित व्यक्तीकडून, आणि त्वचेला न लागता.

• नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू नका, लोखंडी काडीने मागे रेटू नका. ती आतल्या भागाचे झाकण आहे. ती फाटली की जंतू शिरतात आणि नखुरडे होते. मधुमेह असेल तर याबाबत दुप्पट काळजी घ्या.

• प्लेट पुसायचे अ‍ॅसिटोन चटकन पेटते. गॅस, समई आणि उदबत्तीपासून दूर, खिडकी उघडी ठेवून काम करा.

• नखाभोवती लावायचा, नंतर सोलून काढायचा द्रव बऱ्याचदा रबराच्या चिकापासून बनतो. फुगे किंवा रबरी हातमोज्यांनी खाज येत असेल तर तो वापरू नका.

• कृत्रिम नखे चिकटवायचा गोंद सुती कपड्यावर सांडला तर तापून भाजू शकते. त्याची बाटली डोळ्यांच्या थेंबांसारखी दिसते, म्हणून औषधांजवळ ठेवू नका.

• रिमूव्हर मुलांच्या हाती लागू देऊ नका. १९८८ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात नोंद आहे की कृत्रिम नखे काढायचा अ‍ॅसिटोनायट्राइल असलेला द्रव प्यायल्याने एका बालकाचा मृत्यू झाला. शरीरात त्याचे सायनाइड होते.

• शस्त्रक्रियेपूर्वी नखे स्वच्छ ठेवा. करोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर नखातून प्रकाश पाठवतो. गडद रंगामुळे आकडा चुकू शकतो.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

पापण्यांवर किंवा मानेवर वारंवार खाज येत असेल, बोटांची टोके फाटत असतील, नख खालून सुटत असेल, नखाच्या कडेला ठणका आणि पू असेल, तर रंग काढून टाका आणि दाखवून घ्या. येताना वापरलेल्या बाटल्या सोबत आणा, त्यावरून पॅच टेस्ट ठरवता येते. एकाच नखावर नवी काळी उभी रेष उमटली आणि ती रुंद होत असेल, तर अजिबात थांबू नका. अशी रेष क्वचित कर्करोगाची असू शकते.

शेवटी एका गैरसमजाबद्दल. "नखांना श्वास घेऊ द्या" असे म्हणतात. नख श्वास घेत नाही, त्याला पोषण रक्तातून मिळते. पण दोन रंगांच्या मध्ये आठवडाभर नखे मोकळी ठेवावीत, ती वेगळ्या कारणासाठी. बो यांनी वाचायला शिकवलेली रोजनिशी अधूनमधून उघडून पाहता यावी म्हणून. दिवसाउजेडी दहाही बोटे पाहा, खाच, डाग, रेष काही नवे दिसते का ते तपासा, आणि मग खुशाल पुढची नक्षी काढा.